पाव्हण्याचा वाटा

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, जंगलातले थरारक प्रसंग लिहा. मी म्हटलं, जंगल कुठलं हो? मी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात केली. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाले, गावाचं नाव, माळाचं नाव सगळं येऊ द्या, वाचकांना आवडतं. तेवढं मात्र जमणार नाही. लांडग्याचं घर कुठं आहे ते कुणाला सांगायचं नसतं, ही आमच्या धंद्याची पहिली शिस्त. निवृत्त झाले म्हणून ती सुटत नाही. तेव्हा वैरागच्या बाजूचा एक माळ, एवढ्यावर भागवून घ्या.

वनरक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दाट झाडी येते. आमच्याकडं कुसळी गवत, मुरूम, मधूनच एखादी बाभळ आणि वर आख्खं आभाळ. झाड दिसत नाही म्हणजे जमीन पडीक, असा आपल्याकडचा शहाणपणा. त्यामुळं माळावर कुणीही यावं, मुरूम उचलावा, कचरा टाकावा, प्लॉट पाडावेत. त्या गवतात काळवीट असतं, धाविक पक्षी असतो, खोकड असतं आणि लांडगा असतो, हे सांगत फिरण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी फोन घेण्यात. "मॅडम, उसात वाघ शिरलाय" असा फोन आला की गाडीला किक मारून पळायचं. उसातून नव्वद टक्के वेळा रानमांजर निघायचं आणि उरलेल्या वेळी शेजाऱ्याचं कुत्रं. वाघ कधी निघाला नाही. तरी प्रत्येक वेळी पळालेच.

मी भवानी पेठेतली. घरात तेलुगू, खाली यंत्रमाग, चोवीस तास खडखडाट. आमच्यातल्या पोरी टॉवेलला गाठी मारायच्या, नाहीतर विड्या वळायच्या. मी खाकी घातली तेव्हा अम्मा शेजारणींना सांगायची, माझी पोरगी सरकारात आहे. काय काम करते म्हणून कुणी विचारलं की मात्र विषय बदलायची. पोरगी तोडेलुच्या मागं फिरते हे कसं सांगणार? तोडेलु म्हणजे लांडगा. स्थळं आली असती तीही परत गेली असती की.

लांडग्याशी माझी खरी ओळख मोहोळला, हायवेच्या कडेच्या एका हॉटेलात झाली. चहा प्यायला थांबले तर भज्यांच्या कढईमागं, टेबलाच्या पायाला एक पिल्लू बांधलेलं. हॉटेलवाला फुशारकीनं म्हणाला, "ओरिजनल अल्सेशन आहे मॅडम. एका टिपरवाल्यानं आणून दिलंय." मी खाली वाकले. मातकट काळपट अंग, पडके कान, बारीक डोळे. कुत्र्याचं पिल्लू माणूस बघितलं की शेपूट हलवतं, कुईकुई करतं. हे गप्प. भिंतीत घुसता आलं असतं तर घुसलं असतं. गळ्यात सुतळी होती आणि ती कातड्यात रुतली होती. मी म्हटलं, शेठ, तुमचं अल्सेशन मोठं झाल्यावर गिऱ्हाईकाचं भजं नाही, गिऱ्हाईकच पळवेल. त्याचा चेहरा असा पडला की त्यानं चहाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

टिपरवाल्याला गाठलं. मुरूम भरताना ओढ्याच्या काठाला बीळ दिसलं, हात घातला आणि एक उचललं, म्हणाला. पोरांना खेळायला म्हणून. वाईट माणूस नव्हता. माझ्या आयुष्यात वाईट माणसं फार कमी आली. जे काही बिघडलं ते बहुतेक बऱ्या माणसांनीच बिघडवलं.

त्यानं ओढा दाखवला. तिथून हाकेच्या अंतरावर मायाप्पा तात्याचा वाडा. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढपाळाचा माळावरचा उघडा मुक्काम. तीन दगडांची चूल, दोन घोड्यांवर मावेल एवढा संसार आणि जाळीत कोंडलेली मेंढरं. तात्या आणि त्याची बायको सुंदराक्का. तात्या कमी बोलायचा. सुंदराक्का ती कसर भरून काढायची.

सुतळी कापून, जनावरांच्या डॉक्टरकडून मलम लावून पिल्लू मी परत आणलं होतं. ते आईकडं द्यायचं होतं. पुस्तकात काय लिहिलंय ते रेंजर साहेबांनी सांगितलं होतं: बिळाजवळ पाटीखाली ठेवा, लांब बसा, वाट बघा. तात्यानं आपली पाटी दिली. दिवस कलला होता. आम्ही तिघं वाड्यापाशी बसलो आणि मी शहाणीसारखं विचारलं, "लांडगा कुठून येईल?"

सुंदराक्कानं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "गार्डबाई, दिवं लागणीला नाव घ्यायचं न्हाय मेंढरापाशी. नाव घेतलं की येतंय. पाव्हणं म्हनायचं."

"पण आज तर तो यायलाच पाहिजे ना?" मी हाताआडून म्हटलं.

तात्या पहिल्यांदा हसला. "आज आपल्यापाशी त्येचं लेकरू हाय. बिननावाचं बी येतंय."

आलं. आईच होती. पाटीभोवती दोन चकरा मारल्या, नाकानं ती कलती केली आणि पिल्लाला मानेला धरून गवतात दिसेनाशी झाली. वळून बघितलंसुद्धा नाही. मी रडले, लपवत नाही. घरी येऊन अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, आईच ती, नेणारच की, त्यात काय रडायचं.

पुढं ते पिल्लू मोठं झालं. मादी होती. जखमेच्या जागी पांढरे केस आले होते, गळ्याभोवती बारीक रेघ. दुर्बिणीतून ती रेघ दिसली की मी तात्याला हात करायची. तिचं नाव आम्ही सुतळी ठेवलं. तिला जोडीदार मिळाला आणि तिनं त्याच ओढ्याच्या काठाला घर केलं. जुनी म्हातारी जोडी तोवर संपली होती. आसपासच्या माळांवर प्लॉट पडले होते, कुठं सौर पट्ट्या बसल्या होत्या. दुसरी जोडी कुठं नव्हती. सुतळीचं घर राहिलं तर त्या माळावर लांडगा राहणार होता, नाहीतर नाही, इतका साधा हिशोब होता.

आता वाट्याचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

तात्याच्या वाडवडलांची एक रीत होती. कळपातलं मेंढरू आपल्या मौतीनं मेलं की ते विकायचं नाही, पुरायचं नाही. माळाच्या टोकाला एक चपटा दगड होता, त्यावर नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता परतायचं. तो पाव्हण्याचा वाटा. ज्याच्या मेंढरांतून पाव्हणं खातं त्याची मेंढरं वाढतात, असं तात्या म्हणायचा. पाव्हण्यानं वाटा सोडून जितं कोकरू नेलं की सुंदराक्का दगडापाशी जाऊन त्याला अशा शिव्या घालायची की मला सातबारा उताऱ्यावरची सगळी नाती समजायची. पण दुसऱ्या दिवशी कुणी म्हटलं, औषध घालून मारून टाकू, तर हीच बाई त्याच्या अंगावर जायची. "माझ्या घरचं भांडान हाय. तू कोन?"

इतर मेंढपाळ मात्र चिडलेले होते. सुतळीला पिल्लं झाली की कोकरं जास्त जायची. दोघं-तिघं खरोखर औषधाची भाषा करायला लागले. मेलेल्या मेंढरात औषध भरून ठेवलं की घरंच्या घरं संपतात, हे मी दुसरीकडं बघितलं होतं. मला झोप लागेना. मग तात्याच्या रीतीतूनच वाट सुचली. मला सुचली की त्याला, आता आठवत नाही; आम्ही दोघंही ती आपलीच म्हणायचो. आसपासच्या सगळ्या वाड्यांनी आपली मेलेली जनावरं त्याच दगडावर आणून टाकायची. पाव्हण्याचं पोट तिथंच भरलं की जित्या कोकरापर्यंत कशाला येईल? तात्या प्रत्येक वाड्यावर माझ्याबरोबर आला. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस, पण रीत समजावून सांगताना रंगात यायचा.

आणि जमलं हो! कोकरं जायची कमी झाली. औषधाचं नाव कुणी काढेना. रेंजर साहेबांनी दगडापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. सोलापूरच्या एका सभेत तात्याला फेटा बांधला, मला शाल दिली. अम्मानं त्या दिवशी पहिल्यांदा शेजारणींना माझं काम काय ते सांगितलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात सुखाचा काळ.

मग घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. माळाला लागून एक कोंबड्यांची शेड झाली होती. तिच्या मालकाला आमचं कौतुक कळलं. पांढरे कपडे, कपाळाला गंध, अगदी भाविक माणूस. मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडनं पण सेवा घडू द्या की. आमच्या मेलेल्या कोंबड्या आम्ही खड्ड्यात टाकतो, त्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी जातील." मी काय म्हणणार? हात जोडून आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून त्याचा टेम्पो दगडापर्यंत यायला लागला. पुण्य लागत होतं आणि खड्डा खणायची मजुरी वाचत होती.

तात्याला ते रुचलं नाही. रोज मिळतं तो वाटा नव्हं, म्हणाला. पण साहेब खूश होते आणि मीही खूश होते. मी त्याला म्हटलं, तात्या, पाव्हण्याचं पोट भरतंय ना? तो मेंढरांकडं वळला.

कोंबड्यांच्या वासानं गावातली कुत्री आली. आधी एकदोन, मग टोळीच. मी गेले की हुसकायची, मी वळले की पुन्हा दगडाभोवती. मला भीती वाटायची ती भांडणाची, फार तर कुत्र्यांशी संकर होईल याची. तसं वर कळवलंही. पहाटे कुत्री खाऊन जायची, मागून लांडगे येऊन तीच जागा हुंगायचे, तेच उरलेलं खायचे. मी हे डोळ्यांनी बघत होते. बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

आधी टिप्या गेला. तात्याचा कुत्रा, कानाला टिपका असलेला. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, पापण्या चिकटायला लागल्या. सुंदराक्कानं कोमट पाण्यानं डोळे पुसले, हळद लावली. मग तो अन्न टाकून बसला, जबडा थडथडायला लागला. शेवटी जागच्या जागी गोल फिरत राहायचा. तो मेल्यावर सुंदराक्का जेवली नाही. वय झालं असेल, असं मी तिला समजावलं. टिप्याचं वय काही झालं नव्हतं.

उन्हाळा तोंडावर होता. सुतळीची पिल्लं आता बिळाबाहेर हुंदडण्याएवढी झाली होती. एका सकाळी दुर्बीण लावली तर एक पिल्लू ओढ्याच्या वाळूत गोल फिरत होतं. फिरत होतं, पडत होतं, उठून पुन्हा त्याच बाजूला फिरत होतं. मी चालत पुढं गेले तरी पळालं नाही. लांडग्याचं पिल्लू माणसाला बघून पळत नाही, याच्याइतकं वाईट दृश्य मी आयुष्यात बघितलेलं नाही. साहेबांना फोन केला. डॉक्टरांची गाडी पुण्याकडून निघाली. ती येईपर्यंत ते पिल्लू गेलं. बाकीची त्या आठवड्यात एकामागून एक गेली. नर त्याआधीच दिसेनासा झाला होता.

उरली सुतळी.

भर दुपारी तात्याचा फोन आला. "गार्डबाई, पाव्हणी वाड्याला आलीया. उजेडात." एवढंच बोलला. डॉक्टरांना कळवून मी पोचले तेव्हा रानातली माणसं काठ्या घेऊन धावत आली होती. त्यांचं चुकत नव्हतं. लांडगा दिवसाढवळ्या झोकांड्या खात माणसात येतो म्हणजे पिसाळलेलाच, असं कुणालाही वाटेल. बायका पोरांना घेऊन मागं सरल्या होत्या. सुतळी दोन पावलं चालायची, मान झटकायची, बाजूला कलंडायची. गळ्याची पांढरी रेघ साध्या डोळ्यांना दिसत होती. एकानं दगड उचलला.

मी खाकीचा धाक घालून ओरडायला लागले, कायदा, गुन्हा, सजा. कुणी ऐकेना. तेव्हा तात्या काठी आडवी धरून पुढं झाला. आवाज चढवला नाही.

"कुनी हात लावायचा न्हाय. ती तुमच्याकडं न्हाय निगाली. तिच्या दगडाकडं निगालीया. जाऊ द्या."

माणसं थांबली. ती खरंच दगडाकडंच चालली होती. का, ते मला माहीत नाही. सवयीनं असेल. वास ओळखीचा असेल. वाटेत अनेकदा पडली. दगडापाशी पोचली आणि त्याच्या कडेला अंग टाकलं. उन्हाचा नुसता वणवा होता, सावलीला झुडूप नाही. तात्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, दोन काठ्या रोवून तिच्यावर सावली धरली. मी म्हटलं, तात्या, जवळ जाऊ नका, चावेल. तो म्हणाला, "ऊन लागतंय तिला."

डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. एक काठी कलंडली होती आणि घोंगडं तिच्या अंगावर पडलं होतं.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. तिथंच बघून, नमुने घेऊन म्हणाले, लक्षणं सगळी डिस्टेंपरची. कुत्र्यांचा रोग, लांडग्यांना लागला की वाचत नाहीत. पिसाळलेली नव्हती. पुढं तपासणीतही तेच आलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "इथं कुत्री आणि लांडगे एका जागी येतात का कुठं?"

तात्या आणि मी त्याच दगडाजवळ उभे होतो.

अशा वेळी प्रेत जाळायचं असतं आणि त्याला लागलेलं सगळंही जाळायचं असतं. मी तात्याला घोंगड्याचं कसं सांगावं याचा विचार करत होते. त्याच्या बापाचं होतं ते, त्याच्याच मेंढरांच्या लोकरीचं. मला बोलावं लागलं नाही. तो म्हणाला, असू दे तिच्या अंगावर. लोकर लवकर पेटत नाही, नुसती करपत राहते. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं लोक हसत म्हणतात. मला त्यात हसू येत नाही. वाट्याची रीत तात्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिनं कुणाचं काही बिघडवलं नाही. वर्षातून एखादं मेंढरू, एक कळप, एक दगड. आम्ही तिची योजना केली. वाढवली, फोटो काढला, टेम्पो आणला. मायेनंच केलं, आणि मायेनंच ते घर संपलं. माझी शाल कपाटात आहे. मी ती कधी पांघरली नाही, टाकलीही नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी कुत्र्यांना लस टोचत घालवली. साहेबांच्या मागं लागून, डॉक्टरांच्या हातापाया पडून गावोगाव शिबिरं घेतली. कुत्री धरायची मी, टोचायची त्यांनी. दंडावर चावे आहेत, दाखवू शकते. लोक विचारायचे, बाई, तुम्ही लांडग्याच्या खात्यातल्या, कुत्र्याला का टोचता? मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. बहुतेकांचं लक्ष नसायचं. शेडवाल्यानं पुन्हा खड्डा खणला, स्वतःहून माझ्यासमोर उभा राहून रडला. सगळ्यात अवघड गेलं ते तात्याला सांगणं, की इथून पुढं मेलेलं मेंढरू पुरायचं. तो म्हणाला, "वाटा बंद?" मी म्हटलं, बंद. त्या मुरमात कुदळ लागत नाही. पंच्याहत्तरीकडं झुकलेला माणूस, पण प्रत्येक मेलेल्या मेंढराला त्यानं खड्डा खणला.

यंदा दसरा झाल्यावर मी त्यांच्याकडं गेले होते. माळ तोच. गवत चांगलं आलं होतं, काळवीट दिसलं. तात्या थकलाय, आता वाड्यावर बसून असतो. सुंदराक्कानं चहा केला. टिप्यानंतरचा कुत्रा पायाशी येऊन बसला. याला मीच लस टोचवून घेतली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, मेंढरं कशी आहेत?

तात्या म्हणाला, "यंदा एक बी कोकरू गेलं न्हाय."

मेंढपाळाच्या तोंडून हे ऐकलं की आपण म्हणतो, वा, छान झालं. तात्यानं ते असं सांगितलं की मला पदर डोळ्याला लावावा लागला. त्याच्या आधीच्या वर्षीही गेलं नव्हतं.

दिवस मावळला. दिवे लागायची वेळ झाली. सुंदराक्कानं कंदील लावला, जाळीच्या कोपऱ्याला अडकवला आणि माळाकडं तोंड करून उभी राहिली. मग मोठ्यानं म्हणाली,

"लांडगा."

मी दचकून तात्याकडं बघितलं. त्यानं तिला अडवलं नाही. सुंदराक्का थोडा वेळ थांबली आणि पुन्हा एकदा, हाळी घालावी तसं, तिनं नाव घेतलं. आम्ही तिघंही दगडाच्या दिशेला बघत राहिलो. मेंढरं रवंथ करत होती. एकानंही मान वर केली नाही.